अक्काचा नीट केलेला फोटो

संगणकावरचं चांगलं चाललेलं काम सोडून तुम्ही रंगांकडे कशा वळलात, असं लोक मला विचारतात. उत्तर गोड असावं अशी त्यांची अपेक्षा असते. आतून हाक आली, हाताला रंगांची ओढ लागली, असलं काहीतरी. एकदोन कार्यक्रमांत, समोर समई लावलेली असताना, मी तसं बोललेही आहे आणि लोकांनी माना डोलावल्या आहेत. ते खोटं होतं. मी रागाच्या भरात रंगांकडे वळले. तो राग बाबांवर होता, काकांवर होता, सगळ्या गोऱ्यागोमट्या जगावर होता आणि सगळ्यांत जास्त माझ्यावर होता. पन्नाशी उलटली तरी तो पुरता निवलेला नाही, म्हणून हे प्रकरण गोड करून लिहिणं मला जमणार नाही.

आम्ही देवासला राहत होतो. बाबा तिथल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. पण माझं लहानपण खरं घडलं ते धारला, काकांच्या घरी, कारण सुट्टी लागली की, आणि एरवीही चार दिवस शाळा बुडवून, आई माझी पिशवी भरायची आणि बाबा मला इंदूरवरून धारच्या बसमध्ये बसवून द्यायचे. घर काकांचं म्हणायचं, पण ते चालायचं अक्काच्या जिवावर. अक्का म्हणजे बाबांची मोठी बहीण. नात्यानं माझी आत्या, पण घरात लहानथोर सगळेच तिला अक्का म्हणत. तिचं लग्न झालेलं नव्हतं. ती जवळच्या तिरल्याच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. सकाळी सगळ्यांचा स्वयंपाक उरकून बसनं जायची आणि दुपारी उन्हाची परत यायची. तिची चाहूल मला लांबून लागायची, कारण आत येण्याआधी ती छत्री मिटून ओट्यावर दोनदा आपटायची. मक्याच्या दिवसांत तिरल्याच्या बाया बेनजींसाठी, म्हणजे शाळेच्या बाईंसाठी, पिशवीभर भुट्टे द्यायच्या. मग अक्का परातीत किसणी आडवी धरून ते किसायला बसायची, किसणीचा खरखर आवाज मागच्या अंगणापर्यंत यायचा, आणि दुधात शिजणाऱ्या भुट्ट्याच्या किसाच्या वासानं मला दम निघायचा नाही. “अंमळ बस, उतरवतेच,” म्हणायची. ‘अंमळ’ हा शब्द मी तिच्याखेरीज कुणाच्या तोंडी ऐकला नाही. शाळेत आम्हाला सगळं हिंदीतून, गल्लीत माळवी, आणि मराठी म्हणजे घरात बोलायची तेवढी. माझ्या पिढीतल्या कितीतरी पोरांना ती वाचताना अडखळायला व्हायचं. मला ती नीट वाचता आली, कारण अक्का दुपारी मला जवळ घेऊन जुनी मासिकं वाचायला लावायची.

अक्काला कोड होतं. ओठांच्या कोपऱ्यांशी, डाव्या डोळ्याखाली, कपाळावर केसांच्या रेषेलगत, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर. मला त्यात काही वेगळं वाटत नसे. माझ्या लेखी अक्काचा चेहरा तसाच असायचा, जशी कुणाची जिवणी मोठी असते तसा. घराला मात्र त्यात फार वेगळं वाटायचं, आणि ते घर कसं वागायचं हे मला उशिरा कळलं. नवरात्रात पंधरा-वीस पानं उठायची. पुरणापासून आमटीपर्यंत सगळं अक्का करायची, पण पंगतीत वाढायला ती कधीच यायची नाही. तिच्या हातचा स्वयंपाक चालत होता, कारण तो आत होत होता. तिचे हात दिसायला लागले की लोकांच्या घशाखाली घास उतरत नसे. लग्नकार्यात फोटोवाला आला की अक्काला हमखास कोठीत काहीतरी काम निघायचं. तिला कुणी जा म्हणायचं नाही. ती आपणहून जायची, आणि घरातले म्हणायचे, बघा, किती समजूतदार आहे. एखाद्याकडून असा समजूतदारपणा वर्षानुवर्षं करवून घ्यायचा आणि वर त्याचं कौतुक करायचं, यासारखा लबाडपणा मी दुसरा पाहिलेला नाही.

कॉलेज संपताना मी देवासमध्येच एका दुकानात कामाला लागले. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, दुकानांच्या पाट्या, पुढे फ्लेक्स. मालक राजू भिया म्हणजे भला माणूस, तोंडात कायम सुपारी आणि डोळा सतत दारात कोण येतंय त्याच्यावर. डिझाइन मला चटकन आलं. कडा, छाया, अक्षरांचे वळसे, सगळं बोटांत बसलं. पण दुकानाचं खरं नाव झालं ते माझ्या दुसऱ्या कसबामुळे. कुणी वारलं की घरचे लोक एखादा जुना फोटो घेऊन यायचे, लग्नाच्या घोळक्यातला, नाहीतर कोपऱ्यात अर्धा कापलेला. मी त्यातलं डोकं वेगळं काढायचे, खाली तयार कोट किंवा काठाची साडी बसवायचे, मागे निळं आभाळ टाकायचे. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, देवीचे व्रण, पडलेला दात, सगळं नीट करायचे. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं शेवटचं मागणं एकच असायचं. राजू भिया ते माझ्यापर्यंत पोचवायचे, “बेन, थोड़ो गोरो कर दे नी.” मी करायचे. एक पट्टी होती, ती माऊसनं उजवीकडे सरकवली की माणूस उजळायचा. देवासमधल्या किती मेलेल्या माणसांना मी गोरं करून त्यांच्या घरी पाठवलं असेल, याचा विचार आला की आजही तोंड कडू होतं. तेव्हा मात्र मला अभिमान वाटायचा. लोक डोळे पुसत म्हणायचे, एकदम जिवंत वाटतात. मला ते खरं वाटायचं.

अक्का निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा गेली, तीन दिवसांच्या तापात. आम्ही धारला पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. तेराव्याला फोटो लागणार होता आणि तिचा फोटो घरात नव्हताच. शोधाशोध केल्यावर तिच्या पेटीत पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला एक पासपोर्ट फोटो सापडला. एकच. सगळ्या आयुष्यात तेवढी एकदा ती कॅमेऱ्यासमोर सरळ बसली, कारण सरकारला तिचा खरा चेहरा हवा होता. घरच्यांनी तो कधी मागितला नाही. बाबांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “तुझ्या हातातलं काम आहे. जरा नीट करून आण. लोक येणार, बघणार. पुढं तुझंही बघायचंय आपल्याला.”

वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. त्यातला एकही शब्द मला तेव्हा खटकला नाही. ‘तुझंही बघायचंय’ म्हणजे माझं लग्न, आणि भिंतीवर कोड दिसलं तर स्थळं येणार नाहीत, हे मला पूर्ण कळलं होतं. तरी खटकलं नाही. उलट मला भरून आलं. अक्कासाठी आपण काही करतोय असं वाटलं.

मी देवासला जाऊन फोटो स्कॅन केला आणि सकाळी दहा ते संध्याकाळी पाचपर्यंत अक्काचा चेहरा पुसत बसले. डाग काढायची रीत अशी की शेजारची चांगली कातडी उचलायची आणि डागावर पसरायची. कड दिसता कामा नये, म्हणून हे थेंबाथेंबानं करावं लागतं. आधी ओठांचा उजवा कोपरा, मग डावा, मग डोळ्याखालचा, मग कपाळ, शेवटी हनुवटी. त्या काळात आमच्याकडे वीज दिवसातून चार-पाच वेळा जायची. यूपीएस चीं चीं ओरडायला लागला की दोन मिनिटांत काम जपून ठेवायचं, नाहीतर गेलं. त्यामुळे आम्हा सगळ्यांच्या बोटांना दर मिनिटाला सेव्ह करायची सवय जडली होती, श्वास घ्यावा इतकी. मूळ फाइल वेगळी ठेवायचं भान मला राहिलं नाही. मी पुसत गेले आणि जपून ठेवत गेले, पुसत गेले आणि जपून ठेवत गेले. पाच वाजता पडद्यावर डाग नसलेली अक्का होती आणि दुसरी कुठलीच अक्का नव्हती. मग काकांचा धारहून फोन आला, की जमलं तर जरा उजळ कर. मी पट्टी सरकवली. ज्या घराला तिच्या चेहऱ्यावरचे पांढरे डाग पाहवत नव्हते, त्याच घराला ती गोरी हवी होती, आणि मी हसले नाही की रडले नाही, पट्टी सरकवली.

आमच्या घरच्या अस्थी नर्मदेवर नेमावरला जातात, धारहून लांब पडलं तरी. दहाव्याला काका आणि बाबा गेले, आणि जाताना अक्काच्या वापरातल्या लहानसहान वस्तूंचं एक गाठोडं त्यांनी बरोबर नेलं. तिचा चष्मा, शाळेची वही, जपाची माळ. मी परत केलेला पासपोर्ट फोटोही काकांनी त्यात टाकला. आता मोठा चांगला झालाय, मग तो कशाला ठेवायचा, असा त्यांचा हिशेब. नर्मदेनं घेतलं ते सगळं.

तेराव्याला फोटो खुर्चीवर ठेवला, हार घातला, उदबत्ती लावली. आलेगेले सगळे म्हणाले, किती छान दिसतेय. ज्या नातेवाइकांनी तिच्या हातून कधी पाण्याचा पेला घेतला नव्हता, ते फोटोपुढे वाकून वाकून नमस्कार करत होते. दुपारी तिरल्याहून पाच-सहा बाया आल्या, लुगड्याच्या ओच्यात झेंडूची फुलं घेऊन. त्या ओसरीवर आल्या, खुर्चीसमोर उभ्या राहिल्या आणि तशाच राहिल्या. फुलं कुणी वाहीना. मग त्यांतली एक वयस्क बाई माझ्याकडे वळून म्हणाली, “यो कुण हे? हमारी बेनजी की फोटू कां हे?”

काका लगबगीनं पुढे झाले. म्हणाले, यही तो है, गौर से देखो. बाईनं पुन्हा पाहिलं, अगदी जवळ जाऊन. मग स्वतःच्या ओठांच्या कडेला बोट लावलं, डोळ्याखाली लावलं. “नी. बेनजी के तो यां धोळो थो. म्हारा छोरा ने इनी मुंडा से भणनो सीख्यो.” बेनजींना इथं पांढरं होतं, आणि त्याच तोंडाकडे बघून तिचा मुलगा शिकला होता. ती काही भांडत नव्हती. चुकीच्या घरात आल्यासारखी गोंधळली होती. शेवटी त्यांनी फुलं खुर्चीवर नाही वाहिली, खाली ओट्यावर ठेवली आणि गेल्या.

मला त्या क्षणी जे झालं ते अजून धड सांगता येत नाही. आधी लाज वाटली. तिच्यामागून राग आला, आणि तो आला तो राहायलाच आला. अक्काला ओळखणारी माणसं त्या दिवशी घरात आली होती ती तेवढीच, आणि तिच्या फोटोनं त्यांना परत पाठवलं होतं. मी तो फोटो काढून टाका म्हणाले. काका म्हणाले, वेड लागलंय का. बाबा म्हणाले, लोकांसमोर तमाशा नको. मी देवासला येऊन फाइल उघडली, आणि मग कळलं की मागे जायला वाटच नाही. तिरल्याच्या शाळेत गेले, तिथून शिक्षण कार्यालयात. त्यांच्या रजिस्टरात तिचा नोकरीला लागतानाचा फोटो होता, विशीतला, डाग चेहऱ्यावर यायच्या आधीचा. पेन्शनच्या कागदांसोबतचा कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे मीच तिला दुसऱ्यांदा कोठीत पाठवलं होतं, आणि या वेळी दार बाहेरून लावलं होतं.

मी इंदूरहून तेलरंग आणले ते यासाठी. चित्रकार व्हायला नाही. मला तिचा चेहरा परत हवा होता आणि मागायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. पहिले चार महिने मी जे काढलं ते भीषण होतं. संगणकानं माझे डोळे पार आळशी करून ठेवले होते. तिथे कातडीचा रंग हवा तर चेहऱ्यावर टिचकी मारायची, रंग मिळतो. इथे पिवळी माती, लाल, थोडा निळा, थोडा हिरवासुद्धा, आणि तरी बाई मातीच्या मडक्यासारखी दिसायची. चूक झाली की डावा हात आपोआप ती मागे घ्यायच्या बटणासाठी चळवळायचा. आठवणीवर भिस्त ठेवावी तर आठवणही फितूर झालेली. डोळे मिटले की खुर्चीवरचा गोरा फोटोच समोर यायचा. तेराव्याच्या त्या फोटोनं माझी वीस वर्षांची अक्का खाऊन टाकली होती.

मग एका दुपारी, कंटाळून, नुसताच ब्रश फिरवताना हात ओठांच्या उजव्या कोपऱ्याशी गेला आणि त्यानं एक आकार काढला. खाली निमुळता, वर दोन दाते असलेला. मी थबकले. तो आकार मी विचार करून काढला नव्हता. सात तास मी त्याच कडेवरून माऊस फिरवला होता, थेंबाथेंबानं, कड दिसू नये म्हणून कड पाठ केली होती. डोळे विसरले होते, हाताला सगळं पाठ होतं. मी घाईघाईनं डावा कोपरा काढला, मग डोळ्याखालचा, मग कपाळ, शेवटी हनुवटी. पुसले त्याच क्रमानं ते परत आले. त्यानंतर कुठे मला कळायला लागलं की ते पांढरे नव्हतेच. कडेला गुलाबी होते, डोळ्याखाली शीर निळी दिसायची, आणि मेच्या उन्हात लाल व्हायचे, भाजायचे. ती छत्री घ्यायची ती म्हणून. इतकी वर्षं त्या चेहऱ्यासमोर बसून मी भुट्ट्याचा कीस खाल्ला आणि हे पाहिलं नव्हतं. चित्रकलेबद्दल माझं काही तत्त्व असेल तर ते इतकंच आहे, की नीट करायला बसलं की दिसत नाही. आधी जसं आहे तसं सोसावं लागतं.

चित्र पुरं झालं ते मी देवासच्या आमच्या बैठकीत लावलं. बाबांनी काढलं. मी पुन्हा लावलं. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा काढायच्या आत इंदूरचे पाहुणे मला बघायला आले. कांदेपोहे झाले, माझ्या नोकरीची विचारपूस झाली, आणि मुलाच्या आईचं लक्ष भिंतीकडे गेलं. या कोण, असं त्यांनी साधेपणानं विचारलं.

“कुणी नाही,” बाबा म्हणाले. “हिला नाद आहे. मनानंच काढलंय काहीतरी.”

कुणी नाही. ज्या बहिणीनं यांच्या शाळेची फी स्वतःच्या पगारातून भरली, यांच्या पोरीला वाचायला शिकवलं, ती मनानं काढलेलं काहीतरी. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी खाली ठेवला आणि सांगितलं की ही माझी सख्खी आत्या, यांची मोठी बहीण, तिला कोड होतं, आणि हे डाग मी काढलेत ते मोजून तिथेच होते. आवाज चढला नव्हता. बाईंनी हातातली बशी अलगद टेबलावर ठेवली. माणसं सभ्य होती, पुढे दहा मिनिटं पावसापाण्याचं बोलून उठली. दोन दिवसांनी नकार आला, पत्रिका जुळत नाही म्हणून. ती आधीच जुळवून झाली होती.

बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. मीही बोलले नाही. त्याच सुमारास एकदा राजू भियांनी कुणा आजोबांचा फोटो पुढे सरकवला, थोड़ो गोरो कर दे नी, आणि मी नाही म्हणाले. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. महिनाअखेर मी दुकान सोडलं. आई हबकली. घरात एक न बोलणारा माणूस, एक नोकरी सोडून बसलेली पोर, आणि भिंतीवर अक्का.

एका रविवारी जेवणं झाल्यावर मी आत रंग घोटत बसले होते. बैठकीत बाबा एकटेच होते. बराच वेळ काही हालचाल ऐकू आली नाही म्हणून मी डोकावले, तर ते चित्रापुढे उभे होते, चष्मा कपाळावर चढवून. मी आल्याचं त्यांना कळलं असावं. मागे न वळता म्हणाले, “एक राहिलाय.”

मी म्हटलं, काही राहिलेलं नाही, मी सगळे मोजलेत.

“कानामागं,” ते म्हणाले. “डाव्या. पासपोर्ट फोटोत कसा दिसेल. पहिला तो होता. अक्का बारा वर्षांची होती, मी सातचा. न्हाऊन झाल्यावर केस वाळवत मागच्या अंगणात बसली होती. मला दिसला तो. मी ओरडत ओसरीवर गेलो, अक्काला कोड फुटलं, अक्काला कोड फुटलं म्हणून. ओसरीवर माणसं बसलेली होती.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. “तिला स्वतःला माहीतही नव्हतं तोवर. त्यानंतर तिनं अंगणात केस वाळवले नाहीत.”

मला माझ्या वडिलांची दया यायला हवी होती, असं पुढे अनेकांनी सांगितलं. थोडी आलीही. पण त्याहून जास्त संताप आला. इतकं सगळं माहीत होतं या माणसाला. पहिला डाग कुठे, कोणत्या दिवशी, केस ओले होते हेसुद्धा. आणि सगळं माहीत असून त्यांनी मला ते पुसायला लावलं, आणि पाहुण्यांसमोर म्हणाले, कुणी नाही. हे मी त्यांना तोंडावर म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. मी त्यांना त्यातून सोडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कानामागचा डाग काढायला ब्रश घेतला आणि लक्षात आलं की या चित्रात तो निघणारच नाही. अक्का समोर बघत होती. त्या डागासाठी तिची मान वळवायला हवी होती, केस मोकळे सोडायला हवे होते, तिला बारा वर्षांची करून मागच्या अंगणात उन्हात बसवायला हवं होतं. असा फोटो कुणी काढलेला नव्हता, आणि माझ्या हातालाही ते पाठ नव्हतं. मी नवा कॅनव्हास ताणला आणि बाबांना हाक मारली. महिनाभर रोज संध्याकाळी कारखान्यातून आले की ते माझ्यामागे स्टुलावर बसायचे आणि मी विचारीन तेवढंच सांगायचे. ऊन कुठून यायचं, केस कुठवर होते, पाटावर बसली होती की जमिनीवर. शेवटच्या दिवशी मी त्यांना डाग नेमका कुठे ते विचारलं. त्यांनी बोट पुढे केलं, पण त्यांच्यानं ते कॅनव्हासला टेकवेना. मी थांबून राहिले. मी त्यांना घाई केली नाही आणि मदतही केली नाही.